शंभरपैकी सांगली

"येत न्हाई," रिक्षावाला म्हणाला.

"अहो, पण रिक्षा रिकामी आहे ना?"

"रिकामी हाय म्हणून काय झालं? चालत जावा."

एप्रिलची दुपार, सांगलीचा एसटी स्टँड, हातात कपड्यांची बॅग आणि अंगावर पुण्यापासूनची पाच तासांची धूळ. मी पर्समधून फॉर्म काढला, बॉलपेनचं टोपण दातांनी उघडलं आणि त्या माणसाच्या डोळ्यांदेखत पहिल्या प्रश्नासमोर लिहिलं, 'शहरातली वाहतूक : पाचपैकी शून्य.' त्यानं मान वाकडी करून ते वाचायचा प्रयत्न केला. मग रिक्षा सुरू केली आणि निघून गेला. रिक्षाच्या पाठीवर हिरव्या अक्षरांत 'दस्तगीर' असं लिहिलेलं होतं.

"गेलास उडत," मी म्हणाले आणि तरातरा चालायला लागले.

पहिल्याच वळणावर तीच रिक्षा उभी. दस्तगीर आपल्याच पुढच्या चाकाकडे टक लावून बघत होता.

"बसा," तो म्हणाला.

"आता का?"

"ऊन लई हाय ओ. माझ्या पोरीच्या वयाच्या तुमी. बसा गुमान."

वाटेत तो चकार शब्द बोलला नाही. आत्याच्या घरासमोर मला उतरवलं, बॅग दारापर्यंत आणून ठेवली, आणि कुणी बघत नाही ना अशी इकडेतिकडे नजर टाकून गेला. मी आत जाऊन तांब्याभर पाणी प्यायले आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी त्याला पत्ता सांगितलाच नव्हता.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालची. मी तेव्हा विभा चौगुले होते, वय सव्वीस, मुक्काम पुणे. एका बाजारपाहणी करणाऱ्या कंपनीत मी नोकरीला होते. घरोघर जाऊन 'तुम्ही कोणता साबण वापरता आणि का' असं विचारायचं आणि उत्तरांचे तक्ते करायचे, हे माझं काम. त्यामुळे फॉर्म भरल्याशिवाय मला आयुष्यात काही ठरवता येत नसे. चपला घ्यायच्या तरी मी मनात पाच रकाने आखत असे.

लग्नाचंही तसंच झालं. सन्मती मगदूम सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होता. उंच, सावळा, हळू बोलणारा. पुण्यात आमच्या घरी बघण्याचा कार्यक्रम झाला. आम्ही दोन्ही घरं जैन, त्यामुळे पोहे कांद्याविना. ते सगळ्यांच्या हातात पडल्यावर मी म्हणाले, "मुलगा मला पसंत आहे. गाव पसंत आहे का, ते बघून कळवते."

आईनं कपाळावर हात मारून घेतला. सन्मतीचे वडील मात्र इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांना सगळे अण्णा म्हणत. सांगलीच्या पेठेत चाळीस वर्षं हळदीची अडत केलेला माणूस, नखांच्या कडा तेव्हाही पिवळ्या. "बघू दे की!" ते म्हणाले. "नमुना बघितल्याबिगर पोतं कोण घेतंय? ही पोरगी पेठेत पायजे हुती."

मी कामाला लागले. वीस प्रश्न, प्रत्येकी पाच गुण, साठला पास. पाणी, दवाखाने, वाचनालय, मला नोकरी मिळेल का, बाईला एकटीनं नदीवर बसता येतं का, असं सगळं. सांगलीत ताराआत्या होतीच. तिच्याकडे शुक्रवार ते रविवार राहायचं आणि रविवारी संध्याकाळी मगदुमांकडे जेवायला जाऊन निकाल सांगायचा, असं ठरलं.

निघायच्या आदल्या दिवशी सन्मतीचा फोन आला.

"एक सांगायचंय. पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलंय मला. चांगली नोकरी आहे. सोमवारपर्यंत कळवायचंय. घरी सांगितलेलं नाही."

"मग?"

"तुझ्या फॉर्मात सांगली नापास झाली तर मी पुण्याला येतो."

"आणि तुला स्वतःला काय हवंय?"

"मला इथंच बरं वाटतं. पण तू इथं येऊन कुढत बसलीस तर ते मला नको."

"आणि अण्णा-आक्का?"

"पुण्याला यायचे नाहीत ते. दोघंच राहतील," तो म्हणाला.

आक्का म्हणजे सन्मतीच्या आई, आणि हा त्या दोघांचा एकुलता एक मुलगा. म्हणजे माझ्या वीस प्रश्नांवर आता नुसतं माझं नाही, त्या दोघांचंही घर टांगलेलं. रात्रभर मला झोप नाही. पण फॉर्म म्हणजे फॉर्म. उत्तरं पदरची घालायची नाहीत, हे मला माझ्या साहेबांनी पहिल्या दिवशी बजावलं होतं.

शनिवारी सकाळी मी एका वाचनालयात गेले. टेबलामागे हर्डीकरबाई म्हणून एक चष्मेवाल्या बाई होत्या.

"सभासद व्हायचं होतं," मी म्हणाले.

"सभासदत्व बंद आहे."

"किती दिवस?"

"कायमचं."

"बरं, मग इथं बसून वाचलं तर चालेल?"

"बायकांना बसायला जागा नाही."

समोर पाच बायका बसून वाचत होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, मग हर्डीकरबाईंकडे. बाईंनी पटकन पुस्तकात तोंड खुपसलं. मी चिडून एका कपाटाशी गेले, हाताला लागलं ते पुस्तक काढलं आणि तिथंच उभ्याउभ्या वाचायला लागले. म्हटलं, काढा मला बाहेर! पाच मिनिटं गेली, दहा गेली. शेवटी बाईंना राहवलं नाही.

"अहो, तो दुसरा भाग आहे! पहिला वाचल्याशिवाय काय कळणार तुम्हाला त्यातलं?" म्हणत त्या उठल्या, पहिला भाग शोधून आणला, पंख्याखाली खुर्ची ओढली. "बसा. मला खरं तर तुम्हाला बसू द्यायचं नव्हतं."

"का हो?"

त्या एकदम गोंधळल्या. "आज माझी तब्येत बरी नाही," म्हणाल्या आणि कपाटाआड नाहीशा झाल्या. निघताना माझ्या पिशवीत दोन्ही भाग होते, सही न घेता दिलेले. मी शून्य खोडून चार केले.

दुपारी एका दूध संघाच्या कचेरीत गेले. तिथले व्यवस्थापक कोळेकर नावाचे जाडजूड गृहस्थ. मी माझं काम काय ते सांगितलं, इथं अशी काही नोकरी असते का, असं विचारलं. त्यांनी छताकडे बघितलं आणि पाठ केल्यासारखं म्हणाले, "बायकांना आम्ही घेत नाही. धोरणच आहे तसं."

त्यांच्या मागे दोन टेबलं होती आणि दोन्हींवर बायकाच लिहीत बसल्या होत्या. त्यातल्या एकीचं पेन थांबलं.

"ओ कोळेकरसाहेब," ती म्हणाली, "मग आमी अकरा वर्षं हितं दूध घालायला येतोय व्हय?"

दुसरी इतकी खिदळली की तिला खोलीबाहेर जावं लागलं. साहेब कानापर्यंत लाल. "बसा ओ, बसा," मला म्हणाले, मसाला दूध मागवलं आणि कपाळ पुसत विचारायला लागले, "हे फॉर्मचं तुमचं कसं असतं? आमच्याकडं दोनशे गावांतनं दूध येतं. एखाद्या गावाचं मधूनच घटतं, आणि का घटतं ते काही केल्या कळत नाही." दीड तास आम्ही त्यावर बोललो. मी त्यांना रकाने आखून दिले, त्यांनी ते माझ्यासमोर तीनदा मोडले, आणि दोन्ही बायकांनी मिळून आम्हा दोघांना चुकीचं ठरवलं. इतकी मजा मला पुण्याच्या ऑफिसात वर्षभरात आली नव्हती.

निघताना कोळेकर दारापर्यंत आले. "मी आधी जे बोललो ना, बायकांबद्दल, ते कुठं सांगू नका. म्हणजे, सांगा. बोलले होते, असं सांगा."

"कुणाला सांगू?"

"कुणी विचारलं तर," ते म्हणाले आणि घाईनं आत गेले.

माझ्या फॉर्मची पार रया गेली. जिथं जावं तिथं आधी दारात फटकारायचे, आणि पाच मिनिटांत खुर्ची, पाणी, चौकशी. भडंगवाल्यानं 'संपलंय' म्हणून मला हाकललं आणि अर्ध्या रस्त्यात धावत येऊन पुडा हातात कोंबला. बहुतेक प्रश्नांपुढे शून्य, त्यावर काट, पुढे चार. कामावर कुणी असा फॉर्म आणून दिला असता तर मी तो तोंडावर फेकला असता. ही माणसं अशी दुटप्पी का, ते मला कळेना. ताराआत्याला विचारलं तर ती म्हणाली, "ऊन वाढलंय गं," आणि भाजी चिरायला बसली.

पण काही गुण मी बिनकाटेचे दिले. नदीवरच्या घाटावर मी तासभर एकटी वाचत बसले, कुणी त्रास दिला नाही. गावात कुठूनही कुठंही दहा मिनिटांत पोचता येत होतं. आमच्याकडे दिवस मावळायच्या आत जेवायची रीत. पुण्यात माझ्या बाबांना ती तीस वर्षांत कधी पाळता आली नाही, कारण सूर्य मावळे तेव्हा ते कुठल्या ना कुठल्या सिग्नलला उभे असत. सांगलीत पाच वाजता दुकानांतून माणसं उठून घरी जेवायला जाताना मी बघितली आणि मला बाबांची फार आठवण आली.

आणि एका प्रश्नाला मी खरंखुरं शून्य दिलं. 'इथं अनोळखी राहता येतं का?' येत नाही. तीन दिवसांत चौदा जणांनी मला 'तुम्ही मगदुमांच्या होणाऱ्या सूनबाई ना?' असं विचारलं. मला त्याचा संताप आला होता आणि त्या शून्याबद्दल मला आजही शंका नाही.

रविवारी साडेपाचला मी आणि आत्या मगदुमांकडे गेलो. ताटं मांडलेली. अण्णा, आक्का, सन्मती आणि आम्ही दोघी. आक्का वाढत होत्या, आणि वाढता वाढता पळ्या जरा जास्तच आपटत होत्या.

"पूर येतोय बघ हितं," अण्णांनी पहिल्या घासालाच सुरुवात केली. "नदी घरात. आणि डास! बाई गं बाई, डास!"

"घरात कधी आली नदी?" आक्का म्हणाल्या. सांगलीकडच्या बायकांसारख्या त्या स्वतःबद्दलही 'मी आलो, मी गेलो' असंच बोलत. "मी चाळीस वर्षं ऱ्हायलो हितं. एकदा तरी आली का?"

"तू गप. आणि करमणूक म्हणशील तर काय न्हाई. आठ वाजता गाव झोपतंय."

मला वाटलं, वरपक्षाचा विनय. सन्मती मान खाली घालून भात कालवत होता. अण्णांच्या ताटातलं काहीच कमी होत नव्हतं, हे मात्र माझ्या ध्यानात आलं.

जेवणं झाली. मी फॉर्म काढला. घसा खाकरला. "शंभरपैकी—"

"थांब, थांब!" अण्णांनी हात वर केला. "असं तोंडानं सांगतात व्हय? आमच्या पेठेत भाव तोंडानं फोडत न्हाईत. चारचौघांत आकडा फुटला की एकाचा पाणउतारा होतोय." त्यांनी खांद्यावरचा मोठा रुमाल काढला. "रुमालाखाली बोटं धरून सांगायचं. एक बोट म्हणजे दहा गुण. तुला कळलं, मला कळलं, बास. पटलं तर सौदा, न पटलं तर रुमाल झटकायचा आणि घरला जायचं. ये, बस पुढ्यात."

होणाऱ्या सुनेनं होणाऱ्या सासऱ्याचा हात धरायचा! ताराआत्याचे डोळे कपाळात गेले. पण मी अशी संधी सोडणारी नव्हे. पुढे सरकून बसले. अण्णांनी रुमाल आमच्या हातांवर टाकला.

माझी बेरीज झाली होती एकाहत्तर. मी आधी त्यांची पाचही बोटं मुठीत धरली, मग दोन. सत्तर.

अण्णांनी मान हलवली आणि माझी तीन बोटं धरली.

मला वाटलं, त्यांना समजलं नाही. मी पुन्हा पाच आणि दोन. त्यांनी पुन्हा तीन, या वेळी जरा दाबून.

"अण्णा, काय चाललंय?" सन्मती म्हणाला. बाहेरून त्यांना नुसता रुमाल हललेला दिसत होता.

मी पाच आणि दोन. अण्णांनी माझी दोनच बोटं धरली आणि डोळे वर करून माझ्याकडे बघितलं. विनवणी करत होता हो तो माणूस! गाव त्यांचं, माल त्यांचा, आणि भाव पाडत होते तेच. मी बाहेरची, आणि घासाघीस करून सांगली वर नेत होते मी. चाळीस वर्षं पेठेत बसलेला अडत्या आपलाच माल स्वतःहून मातीमोल करतो, हे काय गौडबंगाल आहे? आणि मग माझ्या डोळ्यांसमोरून एकेक जण गेला. पत्ता न विचारता सोडणारा दस्तगीर, 'बसू द्यायचं नव्हतं' म्हणणाऱ्या हर्डीकरबाई, 'बोलले होते असं सांगा' म्हणणारे कोळेकर.

मी हात तसाच धरून ठेवला. "अण्णा, रिक्षावाल्याला तुम्ही सांगितलं होतं?"

ते दुसऱ्या हातानं रुमालाची कड सारखी करायला लागले.

"वाचनालयात? दूध संघात? भडंगवाल्यालासुद्धा?"

"सांगा की आता!" आक्का कडाडल्या. "मी पयल्या दिवसापासनं म्हणतो, असलं नाटक करू नका म्हणून. बुधवारपासनं गावभर हिंडलेत गं हे, विभा. प्रत्येकाला जाऊन सांगितलं, पोरगी येणार हाय, तिच्याशी वंगाळ वागा."

"अण्णा!" सन्मती उठूनच उभा राहिला. "का पण?"

अण्णा त्याच्याकडे न बघता माझ्याशीच बोलले. "त्याच्या पुस्तकात पत्र सापडलं मला. पुण्याचं. एवढी चांगली नोकरी, आणि पोरानं लपवून ठेवलेली. कशासाठी? म्हातारा-म्हातारी एकटी पडतील म्हणून. मी जा म्हटलं तर जाणार न्हाई तो. मला ठावं हाय त्याचं. पण तू न्हाई म्हटलंस, तर जाईल. म्हणून म्हटलं, गावच नापास होऊ दे."

"अहो, मला विचारायचं तरी!" सन्मतीचा आवाज चढला. त्याचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "मी लपवलं, कारण मला जायचं नाही! हिला इथं करमलं नसतं तरच गेलो असतो. मला हे गाव आवडतं, अण्णा. माझं कॉलेज आवडतं. तुमच्यावर उपकार म्हणून नाही राहत मी इथं."

अण्णांनी त्याच्याकडे बघितलं. खरं बोलतोय की आपल्याला बरं वाटावं म्हणून बोलतोय, हे ते त्याच्या तोंडावर शोधत होते. मला एकदम हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले, आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडले नाही.

"अण्णा, तुमच्या या गावाला धड वाईट वागतासुद्धा येत नाही हो," मी म्हणाले. "तो रिक्षावाला शंभर पावलं गेला आणि थांबला. त्या बाईंनी दहा मिनिटं दम काढला, तीच त्यांची कमाल. तुम्ही सांगितलंत म्हणून यांनी माझ्याशी भांडायचा प्रयत्न केला, आणि एकालाही जमलं नाही. पुण्यात माझ्या बाबांनी अख्ख्या गल्लीला काही करायला सांगितलं, तर दोन घरंसुद्धा दार उघडायची नाहीत. सत्तर म्हणजे सत्तर. एक बोट खाली येणार नाही. मी राहणार इथं."

मी रुमालाखाली पुन्हा पाच बोटं धरली, मग दोन. या वेळी अण्णांनी हात मागे ओढला नाही. मग त्यांनी रुमाल उचलला, झटकला नाही, तो तोंडावर घेतला आणि सगळ्यांदेखत हुंदके देऊन रडायला लागले.

"अहो, आता काय झालं?" आक्का त्यांच्याजवळ बसल्या. "पोरगा ऱ्हातोय, सून येतीया. रडताय कशापायी?"

"चार दिवस घास उतरला न्हाई गं," अण्णा रुमालाआडूनच म्हणाले. "दस्तगीरला सांगितलं, बाईंना सांगितलं, कोळेकरला सांगितलं. आणि रोज तिथनं उठून बस्तीत गेलो. भगवंताच्या मूर्तीपुढं हात जोडून म्हटलं, देवा, माझं ह्यातल्या एकानंबी ऐकू नये."